मधुकररावांचे तेवीस गोल

१२ नोव्हेंबर १९६८

मी कॉलेजात गेले त्या दिवशी बाबांनी ही वही आणून दिली होती. चार वर्षं कोरीच राहिली. परीक्षेच्या उत्तरांखेरीज आपल्याजवळ लिहिण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही. आज वाटलं.

धरमपेठेतल्या बापूजींनी बोलावलं होतं. बापूजी निवृत्त हेडमास्तर आणि फुटबॉल मंडळाचे अध्यक्ष. मॅट्रिकला असताना हस्ताक्षराच्या स्पर्धेचं पहिलं बक्षीस मला त्यांच्याच हातून मिळालं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. मंडळाला पन्नास वर्षं होत आहेत. २६ जानेवारीला मैदानावर संगमरवरी पाटी बसणार आणि तिच्यावर पन्नास वर्षांतल्या तीन सर्वांत मोठ्या फॉरवर्ड खेळाडूंची नावं कोरली जाणार. खेळ सोडलेल्यांचीच. कोणती तीन, हे समिती ठरवणार. जुन्या नोंदी गोळा करायच्या, सभांचं टिपण ठेवायचं आणि शेवटी पाटीवरची अक्षरं कागदावर काढून पाथरवटाला द्यायची, हे माझं काम. पगार नाही. पण काम नीट झालं तर शाळेतल्या नोकरीसाठी बापूजी स्वतः शिफारसपत्र देणार आहेत. जूनपासून मी अकरा अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, पण इंदोऱ्याच्या गल्लीबाहेर ते कोणाला माहीत आहे?

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, फुटबॉलचं तुले काय समजते वं? खरं आहे. मला एवढंच कळतं की फॉरवर्ड म्हणजे सगळ्यांत पुढे राहून, दुसऱ्यानं दिलेला बॉल घेऊन गोल करणारा. बाबा जेवत होते. गिरणीत मागावर असतात ते. त्यांनी एकच विचारलं.

"कोणत्या सालापासून पाहून राहिले?"

म्हटलं, एकोणीसपासून, म्हणजे सगळीच सालं.

"सगळीच," बाबा म्हणाले आणि ताटात हात धुतला. भाकरी अर्धी तशीच राहिली.

१७ नोव्हेंबर, रविवार

पहिली सभा. बापूजी, ओमप्रकाशजी आणि मान डोलवणारे दोन सभासद. ओमप्रकाशजी एके काळी दुसऱ्या एका गिरणीच्या संघात फुलबॅक, म्हणजे गोलापुढे राहून फॉरवर्डला अडवणारे, होते. आता पोट सुटलंय, पण बोलताना खुर्चीतल्या खुर्चीत पाय हलवून दाखवतात.

चार नावं पुढे आली: पोलिसांचे देवराव, रेल्वेचे आनंदराव, आमच्या बाबांच्या गिरणीचे मधुकरराव आणि कामठीच्या विणकरांच्या संघातले दादाजी. चौघांतले तीन निवडायला अडीच तास पुरले नाहीत. देवरावांबद्दल ओमप्रकाशजी म्हणाले, "तो खांबासारखा उभा राहायचा. बॉलच येऊन डोक्याले लागे. त्याच्यात त्याचं काय?" बापूजी म्हणाले, पाच वर्षं बॉल एकाच डोक्याला येऊन लागतो, तेव्हा त्यात डोक्याचंही काही असेल. मग दादाजींवरून जुंपली. दादाजी स्वतः गोल कमी करत, दुसऱ्यांना करून देत. मग मोठा कोण, करणारा की करून देणारा? एक जण म्हणे मी डोळ्यांनी पाहिलं, दुसरा म्हणे तू त्या वर्षी जबलपूरला होतास.

शेवटी मी हात वर केला. म्हटलं, आठवणी प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, त्यांच्यावर न्याय होणार नाही. जे लिहिलेलं आहे तेवढंच धरावं. वर्तमानपत्र, पंचांचा अहवाल, मंडळाचं नोंदणीपुस्तक. लिहिलेलं नसेल तर ते झालंच नाही असं समजावं.

मग बापूजींनी टेबलावर हलकेच हात आपटला. म्हणाले, एवढी वर्षं आम्ही पुरुष भांडलो आणि या मुलीनं पाच मिनिटांत निकाल लावला. ठरावात माझं नाव घातलं. ओमप्रकाशजी तेवढे माझ्याकडे बघत राहिले. दादाजींचं नाव मागे पडेल म्हणून त्यांना वाईट वाटलं असावं.

बापूजींकडे मला चहा निळ्या फुलांच्या कपात मिळतो. तो माझ्यासाठी वेगळा, खिडकीत ठेवलेला असतो. हे आईला कौतुकानं सांगितलं. आईनं विचारलं, तो कप धुते कोण? म्हटलं, मीच, अंगणातल्या नळावर. आपला कप आपण धुवावा. आणि बाकीच्यांचे? आई म्हणाली. ते मी पाहिलं नाही.

२१ नोव्हेंबर

तीन दिवस सीताबर्डीच्या वाचनालयात जुने अंक चाळले. धुळीनं शिंका येतात, पण इतकं सुख मला परीक्षेतही झालं नव्हतं. आकडा खोटं बोलत नाही.

मधुकररावांचं मात्र विचित्र आहे. १९४८ साली दोन गोल. मग ४९ आणि ५० या दोन वर्षांत तेवीस! ५१ पासून एकही नाही. ४९ च्या अंतिम सामन्याचं वर्णन अर्धा रकाना आहे, त्यात गिरणीचे तिन्ही गोल त्यांचे. एवढं चांगलं खेळणारा माणूस दोनच वर्षांत कसा थांबला? काही झाडांना दोनच वर्षं बहर येतो, तसं असेल. नोंदणीपुस्तकात सगळं व्यवस्थित आहे: नाव, वय, गिरणीतला हजेरी क्रमांक. गिरण्यांच्या संघात फक्त कायम कामगारच खेळू शकत, तसा नियम पहिल्याच पानावर छापला आहे. किती काटेकोर माणसं होती.

संध्याकाळी बाबा गरम पाण्यात पाय घालून बसले होते. त्यांच्या डाव्या अंगठ्याला नख नाही, लहानपणी गिरणीत सुताचा बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला जड रूळ, पडला होता. थंडीत तो ठणकतो. मी विचारलं, तुम्ही मधुकररावांना खेळताना पाहिलं होतं का?

"हो."

"कसे खेळायचे?"

बाबांनी पाय पुसला. "बरे खेळे," म्हणाले.

एवढंच! एकाच गिरणीतला माणूस, आणि त्याचा एवढाही अभिमान नाही. आपल्या लोकांना आपल्यातल्या गुणांची किंमत नसते, हे मला कधी कधी फार लागतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज मधुकरराव स्वतः सभेला आले. गिरणीत टाइमकीपर आहेत, कामगारांच्या हजेरीचं बघतात. गोरे, किडकिडीत, अतिशय नम्र. वऱ्हांड्यात बूट-मोजे काढून आत आले. मी ४९ च्या अंतिम सामन्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, फार वर्षं झाली, नीट आठवत नाही. तीन गोल करून ज्याला आठवत नाही, त्याचा विनय केवढा असेल! ओमप्रकाशजी मिशीत हसत म्हणाले, "मधुकरराव, पहिला गोल डाव्या पायानं होता का उजव्या?" मधुकररावांनी चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. मला ती थट्टा आवडली नाही.

निघताना त्यांनी मला नाव विचारलं. जयवंता मेश्राम, म्हटलं. वडील? बळीराम, विणाई खात्यात. ते बूट घालता घालता थांबले. मग म्हणाले, वडिलांना माझा नमस्कार सांगा.

घरी आल्या आल्या सांगितला. टाइमकीपरनं मागावरच्या कामगाराला नमस्कार सांगितला, मला वाटलं बाबांना आनंद होईल.

"अजून काय म्हणाले?"

"काही नाही."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले.

१ डिसेंबर, रविवार

दादाजींसाठी लेखी पुरावा मिळतो का ते पाहायला बसनं कामठीला गेले. तिथे नत्थूजी राहतात. तीस वर्षं त्यांनी रेषेवर उभं राहून झेंडी धरली. दादाजींबद्दल त्यांच्याकडे कागद एकही नाही. विणकरांच्या मॅची पेपरात कोण छापून राहिलं होतं, असं त्यांनीच मला विचारलं.

मग मधुकररावांचा विषय निघाला आणि म्हातारा उठून उभाच राहिला.

"तो पोट्टा गोलाकडे पाठ करून उभा राहे. बॉल मागून येवो का वरून, छातीवर असा झेले जसं आई लेकरू घेते. अन् वळला का गोल. बूट नाही काही नाही, अनवाणी. डाव्या अंगठ्याले पांढरी चिंधी बांधे. ती चिंधी पाहूनच फुलबॅकचे पाय लटपटत."

मी भराभर लिहून घेत होते. नत्थूजींनी मध्येच विचारलं, कोणाची तू? सांगितलं. ते खाली बसले. बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले आणि हसले.

"मले काहून विचारतं, बाई? घरी विचार."

म्हातारपणामुळे विषय सुटत असावा. बसमध्ये टिपण वाचताना मधुकररावांचे पाय आठवले. अंगठा सरळ, नख गुलाबी, स्वच्छ. दुखापत अगदी छान भरून आली आहे. वीस वर्षांत नख येतच असेल.

५ डिसेंबर

निर्णय झाला. देवराव, आनंदराव, मधुकरराव. दादाजींचे लेखी गोल चारच निघाले. ओमप्रकाशजी म्हणाले, "नियम म्हणजे नियम, बेटी. कामठीवाले शिव्या देतील, तर आम्ही खाऊ." मला थोडं वाईट वाटलं, पण एकासाठी नियम वाकवला तर सगळाच न्याय वाकतो.

तिन्ही नावं मी मोठ्या कागदावर काढली. मधुकररावांच्या नावाखाली: "१९४९-५० : तेवीस गोल". 'म' चार वेळा काढला, तेव्हा मनासारखा आला. पाथरवट कागद घेऊन गेला. त्याला संगमरवर आणि महिना दोन्ही लागतात.

६ डिसेंबर

सकाळी आम्ही सगळे विहारात गेलो. बाबासाहेबांना जाऊन बारा वर्षं झाली. परत आल्यावर आई भाजी निवडत होती आणि मी तिला नत्थूजींची नक्कल करून दाखवत होते: पाठ कशी करायची, छाती कशी पुढे, आणि अंगठ्याला चिंधी.

आईचा हात थांबला.

"ते चिंधी मीच बांधून देत होती," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, मधुकररावांना? आई माझ्याकडे अशी पाहायला लागली की मला हातातला कागद कुठे ठेवू ते सुचेना.

मग तिनं सगळं सांगितलं. तेव्हा बाबा गिरणीत बदलीवर होते. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी कायम कामगार आला नाही तर त्या दिवसापुरतं त्याच्या जागी काम करायचं. नाही तर घरी. बदलीवाल्याला संघात खेळता येत नसे. मॅनेजरनं बाबांना मैदानाबाहेर पोरांबरोबर खेळताना पाहिलं आणि हुकूम दिला, नोंदलेल्या मधुकरच्या नावावर याला उतरवा. जशी मागावर दुसऱ्याच्या जागी हजेरी, तशीच मैदानात. दोन वर्षं.

बाबा दारात येऊन उभे होते, ते आम्ही पाहिलं नव्हतं. मला वाटलं रागावतील. ते खाली बसले आणि हळूहळू बोलले. त्यांना एवढं बोलताना मी कधी ऐकलेलं नाही.

"लोक ओरडत, मधुकर, मधुकर. पहिले पहिले मी वळूनच पाहत नव्हतो. वाटे, दुसऱ्या कोणाले बोलवून राहिले. मग सवय झाली. रस्त्यात कोणी मधुकर म्हटलं तरी मी थांबे."

मी विचारलं, मग ५१ साली स्वतःच्या नावानं का नाही खेळलात?

"कायम केलं ना मले. बळीराम म्हणून मस्टरवर नाव चढलं. मॅनेजर म्हणाला, आता ग्राउंडवर दिसायचं नाही. एकच माणूस काल मधुकर होता अन् आज बळीराम, तर समोरचे काय म्हणतील? संघाचा कप वापस जाईल." बाबा अंगठा चोळत होते. "ज्या दिवशी नाव मिळालं, त्या दिवशी खेळ संपला."

मी उठले. म्हटलं, मी समितीपुढे सांगणार. बाबा नाही म्हणाले. मी म्हटलं हा अन्याय आहे. ते म्हणाले, अन्याय असो का काही असो, मी हो म्हटलं होतं, माणसानं हो म्हटलेलं मोडू नये. पहिल्यांदाच मला माझे बाबा लहान वाटले. हे लिहिलंय, खोडणार नाही.

८ डिसेंबर, रविवार

सांगितलं. उभी राहून, सगळ्यांसमोर, मधुकरराव बसलेले असताना. शेवटपर्यंत सांगितलं.

बापूजींनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "पुरावा?"

नत्थूजी, म्हटलं. आई. बाबांचा अंगठा.

"लेखी?"

मी ओमप्रकाशजींकडे वळले, कारण त्या अंतिम सामन्यात समोरचे फुलबॅक तेच होते. ते वर पाहीनात.

"बेटी, मले माहीत नाही का?" ते शेवटी म्हणाले. "तीनदा पडलो मी त्या दिवशी. हाफटाइमले जाऊन नाव विचारलं तुझ्या बापाले. म्हणे, मधुकर. आम्ही सगळे हसलो, तोही हसला."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"आमच्या टीममध्ये पण दोन होते ना, दुसऱ्याच्या नावावर. कोण कोणाची तक्रार करन?"

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी वाचनालयात शिंकत आकडे उतरवत होते, तेव्हाही माहीत होतं. नियम मांडला तेव्हाही.

बापूजी म्हणाले, "जयवंता, हा नियम तुझा आहे आणि उत्तम आहे. त्या नियमानं दादाजी गेले, तेव्हा तू काही बोलली नाहीस."

हे वाक्य त्यांनी मला गप्प करायला म्हटलं, तरीही ते खरं आहे.

चहा घेतला नाही. फाटकाशी मधुकरराव मागून आले, अनवाणीच, बूट हातात. म्हणाले, अठ्ठेचाळीसचे दोन गोल माझे स्वतःचे आहेत. मग म्हणाले, त्या दोन वर्षांत मला एकही मॅच पाहता आली नाही. दोन मधुकर दिसू नयेत म्हणून मॅनेजर मला टाइम ऑफिसात बसवून ठेवी, मैदानावरचा ओरडा तिथपर्यंत ऐकू येई. मी म्हटलं, मग तुम्हीच पाटी नाकारा. ते म्हणाले, "सासरी, मुलांना, सगळ्यांना तेच माहीत आहे." आणि अगदी हळू आवाजात, जणू माफी मागत: "तुमच्या कॉलेजच्या फी-सवलतीच्या फॉर्मवर गिरणीतून सही मीच केली होती. चारही वर्षं. बळीरामनं कधी मागितली नाही. मीच बोलावून करत होतो."

मला शिवी द्यायची होती. एकही आठवली नाही.

९ डिसेंबर

बाबांना सभेची बातमी गिरणीतच कळली. मला काही बोलले नाहीत. आईला म्हणाले, तिले भाकर दे, दोन दिवस जेवली नाही.

पाथरवटाकडे गेले होते, कागद परत मागायला. 'मधुकर' कोरून झालं होतं.

२६ जानेवारी १९६९

समारंभाला गेले नाही. बँडचा आवाज ऐकू येत होता.

दुपारी सगळे पांगल्यावर बाबा म्हणाले, चल, दाखव. मैदानाच्या कडेला त्यांनी चपला काढल्या. इथून पुढे चपला काढायच्या असा काही नियम नाही. झेंडूच्या माळा पाटीवर तशाच होत्या, बाबांनी त्या हातानं बाजूला सारल्या. त्यांना वाचता येतं, पण बोट ठेवून. देवराव झालं, आनंदराव झालं. तिसऱ्या नावावर बोट हळू फिरलं, एकेका अक्षराच्या खाचेतून, खालच्या 'तेवीस'पर्यंत.

"पंचवीस होते," बाबा म्हणाले. "दोन पेपरात आले नाही."

मग विचारलं, "हे अक्षर तुझं?"

हो म्हटलं.

"चांगलं आलं," ते म्हणाले आणि माळा होत्या तशा परत लावल्या.

३ फेब्रुवारी

बापूजींचं शिफारसपत्र टपालानं आलं. मागितलं नव्हतं. "कु. जयवंता मेश्राम नोंदींच्या बाबतीत अत्यंत काटेकोर असून ऐकीव गोष्टींवर विसंबत नाहीत. सन्मानपाटीच्या कामाचे श्रेय प्रामुख्याने त्यांचे आहे."

फाडायला घेतलं होतं. बाबांनी हातातून काढून घेतलं आणि मला वाचून दाखवायला सांगितलं. दोनदा वाचलं. त्यांनी कागदाची घडी हातानं सपाट केली.

"मी मस्टरवरचं नाव घेतलं होतं," ते म्हणाले. "तू बी घे."

बाराव्या अर्जाला टाचणी लावून जोडलं. आज टाकला.